सपाट निकाल

आग लागली की बंब येतो, माणसं आग विझवतात आणि निघून जातात. राख थंड झाली की मग हा जायचा. विमा कंपनीत नुकसानीची तपासणी करणं हे त्याचं काम. गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून, हातात विजेरी घेऊन तो जळक्या गोदामात फिरायचा, काळ्या पडलेल्या तारा बोटांनी चाचपायचा, मालकाला बाजूला घेऊन शांतपणे प्रश्न विचारायचा. कचेरीत त्याला सगळे तपासनीस म्हणत. बायको चिडली की घरीही तेच म्हणायची.

इतक्या वर्षांत त्याची एक खात्री पक्की झाली होती, की उगाच काही होत नाही. नळ उगाच फुटत नाही आणि चोर उगाच नेमक्या त्याच कपाटाकडे जात नाही. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, नाहीतर करायचं टाळलेलं असतं. तोच प्रश्न जरा फिरवून फिरवून विचारत राहिलं की ते बाहेर पडतं.

अशा माणसाच्या घरात मुंगी वाढत होती. लहानपणी जमिनीवर पालथी पडून मुंग्यांची रांग बघत बसायची, म्हणून हे नाव पडलं ते चिकटलं. आता ती आठवीत होती. गणिताचं पुस्तक ती दुसरी मुलं गोष्टीचं पुस्तक वाचतात तसं वाचायची, पुढच्या इयत्तेचं हाती लागलं तर तेही. भाषेच्या नावानं मात्र आनंद होता. सहामाहीचा निकाल आला तेव्हा गणितात अठ्ठ्याण्णव होते आणि भाषेत एक्केचाळीस. इतिहासाचंही काही फार बरं नव्हतं.

तपासनिसाचं बोट सरळ एक्केचाळिसावर गेलं आणि तिथंच थांबलं.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

मुंगी म्हणाली, भाषा आहे. तो म्हणाला, ते मलाही वाचता येतं. ज्या डोक्यात अठ्ठ्याण्णव मावतात त्याच डोक्यात एक्केचाळीस कसे, ते सांग. मुंगीनं खांदे उडवले नाहीत की ती रडली नाही. ती नुसती उभी राहिली. आणि गप्प उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल तपासनिसाचा अनुभव काही चांगला नव्हता.

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. तिचं म्हणणं, यात एवढं शोधण्यासारखं काही नाही. दिवसभर तिच्यासमोर माणसं येऊन बसतात, दोन्ही डोळ्यांचा नंबर अगदी सारखा असलेला एखादाच निघतो. एका डोळ्यानं लांबचं झाड दिसतं, दुसऱ्यानं दारावरची पाटीसुद्धा नाही, आणि दोन्ही डोळे एकाच माणसाचे असतात.

"डोळे अभ्यास करत नाहीत," तपासनीस म्हणाला. "एखाद्या इमारतीत एकच खोली जळली आणि शेजारच्या खोलीतला पडदासुद्धा काळा झाला नाही, तर मी काय समजायचं?"

बायको एवढंच म्हणाली की अठ्ठ्याण्णवाबद्दल तू अजून एक शब्द बोलला नाहीस. त्याला ते खटकलं, पण त्याचं म्हणणं असं की जे व्यवस्थित आहे त्याची तपासणी करायची नसते.

मग त्यानं रीतसर चौकशी सुरू केली. पहिला संशय अर्थातच भाषेच्या बाईंवर. बाईंचा मुलीवर राग असणार. तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेत गेला. बाई उतारवयाच्या, मऊ आवाजाच्या होत्या. त्यांनी त्याला बसायला सांगितलं आणि मुंगीच्या एका निबंधाबद्दल सांगितलं. विषय होता आमची सहल. बाकीच्या मुलांनी दोन-दोन पानं भरली होती, डोंगर, वारा, मैत्रिणी, सगळं. मुंगीनं लिहिलं होतं की आम्ही बसनं गेलो, वाटेत एक बोगदा लागला, आम्ही परत आलो. बाई म्हणाल्या, यात चूक एकही नाही हो, पण मी गुण द्यायचे कशाला? त्यांना हसू येत होतं, आणि त्या हसण्यात कौतुकही होतं. तपासनिसाला त्यात सारवासारव दिसली. राग असलेलं माणूस इतकं गोड बोलतं हे त्यानं पुष्कळदा पाहिलं होतं.

दुसरा संशय खुद्द मुंगीवर. आवडत नाही म्हणून करत नाही, म्हणजे चक्क आळस. जमत नाही हे तो मानायलाच तयार नव्हता. गणितात जमतंय हाच त्याचा पुरावा होता, आणि तोच सारखा पुढे करायचा. घटक चाचणीत मुंगीला गणितात पैकीच्या पैकी मिळाले, तेव्हा शाबासकी राहिली बाजूला, तो म्हणाला, बघ, म्हणजे मनात आणलं तर येतं. मुंगीची आवडती गणिती कोड्यांची पुस्तकं त्यानं कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. भाषेत साठ मिळाले की खाली काढू, असं ठरलं. ठरवलं त्यानंच. रोज संध्याकाळी तो मुंगीला समोर बसवून धडा वाचायला लावायचा आणि मग कचेरीतल्या आवाजात विचारायचा. लेखकाला काय म्हणायचंय? बरं, लेखकाला असं का वाटलं असेल? समजा, लेखकाच्या जागी तू असतीस तर? मुंगी प्रामाणिकपणे विचार करायची आणि म्हणायची, मला माहीत नाही.

"माहीत नाही की सांगायचं नाही?"

हा प्रश्न तो गोदामाच्या मालकांना विचारायचा. आपण तो आता घरात विचारतोय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. मुंगी हळूहळू कमी बोलायला लागली. गणिताची चाचणी झाली की पेपर दप्तरातच ठेवायची, विचारल्याशिवाय दाखवायची नाही. त्याला वाटलं, काहीतरी लपवते आहे.

वार्षिक परीक्षेच्या आधीची मोठी परीक्षा झाली आणि निकाल लागला. भाषा एकोणसाठ. इतिहास एकसष्ट. विज्ञान त्रेसष्ट. गणित चौसष्ट.

पहिल्या संध्याकाळी तपासनीस खूश होता. भाषा चढली होती. गणित उतरलं याचं वाईट वाटलं, पण चढलेल्या भाषेनं ते झाकलं गेलं. बायको मात्र त्या कागदाकडे बराच वेळ बघत बसली. गणिताला काय झालं, असं तिनं मुंगीला विचारलं, तर मुंगी म्हणाली, अवघड होता पेपर. साठाला एक गुण कमी होता, तरी कोड्यांची पुस्तकं खाली काढून द्यायला तपासनीस स्टुलावर चढला. मुंगीनं ती घेतली आणि न उघडता टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी एका कारखान्याच्या दाव्याचे कागद बघताना त्याच्या मनात पाल चुकचुकली. नुकसानीचे आकडे खरे असले की वेडेवाकडे असतात. इथं खूप गेलं, तिथं काहीच नाही, एखादी वस्तू काही कारण नसताना वाचलेली. जिथं सगळं सारखं, एका पातळीत, तिथं कुणीतरी बसून आकडे जुळवलेले असतात. एकोणसाठ, एकसष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. त्यानं हातातला कागद खाली ठेवला.

त्याच आठवड्यात जेवताना बायकोच्या तोंडून सहज निघालं की झिपरीनं या वेळी कमाल केली, गणितात चक्क ब्याऐंशी. झिपरी म्हणजे तळमजल्यावर राहणारी मुंगीची मैत्रीण. केस कधी बांधलेले नसायचे, म्हणून झिपरी. बडबडी, वर्गात नाटकं बसवणारी, आणि गणितात आजवर कशीबशी काठावर पास होणारी. तिची आई पडदे शिवायची. घरालाच लागून तिची शिवणखोली होती, आणि मुंगी रोज दुपारी शाळा सुटली की तिथंच असायची.

तपासनिसानं घास तसाच ठेवला. त्याच्या डोक्यात सगळं खटाखट जागेवर बसलं. आपल्या मुलीचं गणित खाली, तिच्या मुलीचं वर. तिची भाषा मुळातच चांगली, आपल्या मुलीची एकाएकी सुधारली. म्हणजे देवाणघेवाण झाली. हिनं तिला गणित पुरवलं, तिनं हिला निबंध. गणित पुरवताना स्वतःचं लिहायला वेळ उरला नाही, म्हणून चौसष्ट. इतकं स्वच्छ प्रकरण त्याच्याकडे बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं.

बायकोला त्यानं काही सांगितलं नाही. गणिताच्या सरांना फोन करून, मुलीचं काय चुकलं, एवढंच विचारलं. सर म्हणाले, बरेच प्रश्न सोडून दिले होते तिनं, क्षेत्रफळाचा तर आख्खा, आश्चर्यच वाटलं. मग एका दुपारी तो लवकर निघाला, आणि घरी न जाता जिन्याखाली, शिवणखोलीच्या उघड्या खिडकीपाशी उभा राहिला. आपल्याच इमारतीत आपण चोरासारखे उभे आहोत याचं त्याला काही वाटलं नाही. कामाचा भाग होता.

आत मशीन चालत होतं. थांबलं की मुंगीचा आवाज येत होता, आणि तो आवाज त्यानं किती दिवसांत ऐकला नव्हता. भरभर, मोकळा, मधेच हसणारा. ती झिपरीला क्षेत्रफळ शिकवत होती. पडद्याचं कापड जमिनीवर पसरून सांगत होती की हा तिरका तुकडा इथून काप, तिकडे लाव, झाला की नाही सरळ चौकोन? तिरकं काही नसतंच, ते सरळ करायचं राहून गेलेलं असतं.

एवढं जिला येतं तिनं तो प्रश्न सोडून दिला होता. आणखी काय पुरावा पाहिजे?

तो दारातून आत गेला. पडदेवाली बाई मान खाली घालून निऱ्या टाचत होती, तोंडात टाचण्या धरलेल्या. दोघी मुली जमिनीवर. मुंगीनं त्याला पाहिलं आणि तिचा चेहरा बंद झाला, दिवा मालवावा तसा. तपासनीस पडदेवालीला म्हणाला की ताई, मला तुमच्याशी परीक्षेबद्दल बोलायचंय. आणि मग त्यानं, अगदी हळू आणि सभ्य आवाजात, सगळं मांडलं. झिपरीचे गुण झिपरीचे नाहीत, असं तो म्हणाला. दोघींनी मिळून काय केलंय ते मला कळलंय, शाळेपर्यंत जायची माझी इच्छा नाही, पण खरं काय ते मुलींनी आत्ता सांगावं.

झिपरीचं तोंड उघडं राहिलं. पडदेवालीनं तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. घाई केली नाही.

"मुंगीचे बाबा, माझी मुलगी तुमच्या मुलीच्या शाळेत नाही," ती म्हणाली. "गेल्या वर्षीच काढली तिथून. ती पुलाच्या पलीकडच्या शाळेत जाते. गणवेशसुद्धा वेगळा आहे, हिरवा. रोज तुमच्या समोरून जाते. दिसली नाही कधी?"

तपासनिसानं जमिनीवर बसलेल्या मुलीकडे पाहिलं. झिपरीच्या अंगावर हिरवा गणवेशच होता. त्याच्या नजरेसमोर होता, आत आल्यापासून.

"आणि दुसरं," ती म्हणाली. "माझ्या मुलीला गुण मिळाले की ते कुणाचे तरी असणार, असं का वाटतं तुम्हाला?"

इतक्या गोदामांत, इतक्या माणसांसमोर, अशी वेळ त्याच्यावर आली नव्हती. पहिली गोष्ट जी तपासायची ती त्यानं तपासलीच नव्हती. तो कसाबसा म्हणाला, मग चौसष्ट कसे? हा प्रश्न कुणालाच नव्हता, पण मुंगीनं उत्तर दिलं.

"मी सोडून दिले प्रश्न. मुद्दाम."

पडदेवालीनंही तिच्याकडे वळून पाहिलं. तिलाही हे नवीन होतं. झिपरीला मात्र नसावं, कारण ती जमिनीकडे बघत होती.

"का?" तपासनिसानं विचारलं. या एका 'का'त कचेरीतला आवाज नव्हता.

"भाषेत आणखी वर जाता येत नव्हतं मला. झिपरीनं शिकवलं तेवढंच आलं." मुंगी कापडाची कड बोटावर गुंडाळत होती. "गणितात खाली येता येत होतं. तुम्ही म्हणायचात ना, इथं येतं तर तिथं का येत नाही. मग इथंही नाही आलं की तुम्ही विचारणार नाही. आणि तुम्ही नाही विचारलंत. त्या दिवशी तुम्ही खूश होतात."

तपासनिसाला आठवलं की तो खरंच खूश होता. स्टुलावर चढला होता.

तो शिवणखोलीतून बाहेर पडला, वर गेला आणि बूटही न काढता खुर्चीत बसून राहिला. बायको कामावरून आली तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. ती खूप बोलेल असं त्याला वाटत होतं. ती आत गेली, मुंगीजवळ बसली, आणि त्या संध्याकाळी त्याच्याशी बोललीच नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

प्रकरण तिथं संपलं नाही. पुढच्या आठवड्यात कळलं की गणिताच्या सरांनी वेगवेगळ्या शाळांतल्या हुशार मुलांच्या वर्गासाठी मुलं निवडली होती. सुट्टीभर चालणारा वर्ग, मोठमोठे शिक्षक येणार होते. निवड याच परीक्षेवरून झाली, आणि मुंगीचं नाव त्यात नव्हतं. मुंगी घरी काही बोलली नव्हती. झिपरीकडून पडदेवालीला कळलं आणि तिच्याकडून बायकोला.

तपासनीस पुन्हा शाळेत गेला. सरांना त्यानं सांगितलं की मुलीला सगळं येत होतं, तिनं मुद्दाम सोडलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांच्याकडे दरवर्षी असे पालक येत. कुणाच्या मुलाला त्या दिवशी ताप असतो, कुणाला पेपर उशिरा मिळालेला असतो. मुद्दाम सोडलं हे मात्र नवीन आहे, ते म्हणाले. मुद्दाम कशाला कुणी गुण घालवेल?

"माझ्यामुळे," तपासनीस म्हणाला.

सरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग तोच प्रश्न जरा फिरवून विचारला. मग आणखी एकदा. तपासनीस खालमानेनं उत्तरं देत राहिला. सरांचा विश्वास बसला की नाही ते कळलं नाही. नावं पुढे गेलीत, आता बदलता येत नाहीत, पुढच्या वर्षी बघू, असं म्हणून त्यांनी त्याला दारापर्यंत सोडलं. त्यांच्या जागी आपण असतो तरी आपणही विश्वास ठेवला नसता, असं त्याला शाळेचा जिना उतरताना वाटलं. मुंगीची ती सुट्टी गेली ती गेलीच.

पडदेवालीकडे जायला त्याला जास्त वेळ लागला. एका सुट्टीच्या सकाळी तो गेला आणि दारातच उभं राहून, माझं चुकलं, असं म्हणाला. ती म्हणाली, माझं काही नाही, तिचं बघा. झिपरी आत आरशासमोर उभी राहून कसलं तरी भाषण पाठ करत होती. तपासनिसानं तिची माफी मागितली. मोठ्या माणसानं माफी मागितल्यावर काय करायचं असतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, ठीक आहे, पण मुंगीला दुपारी लवकर वर बोलावू नका. तो बरं म्हणाला.

घरात मात्र लगेच काही बदललं नाही. त्यानं धडे वाचायला लावणं बंद केलं, तर मुंगीला वाटलं यातही काहीतरी असणार. त्यानं एकदा चाचणी कशी झाली विचारलं, तर तिनं आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघून घेतलं, मग बरी म्हणाली. बरी म्हणजे किती, हे त्याच्या जिभेवर आलं होतं. तो उठून पाणी प्यायला. आपल्याच घरात आपल्या शब्दावर कुणाचा भरवसा नसणं म्हणजे काय, हे त्याला त्या दिवसांत पुरेपूर कळलं.

वार्षिक निकाल आला तेव्हा मुंगीनं तो टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागं सरकून उभी राहिली. गणितात नव्व्याण्णव होते. भाषेत सत्तेचाळीस. आई ओट्याशी होती, तिनं हातातलं काम थांबवलं.

खरं सांगायचं तर त्याची नजर आधी सत्तेचाळिसावरच गेली. सवय अशी एका दिवसात जात नाही. तिथून ती त्यानं उचलली आणि वर आणली. शाबास म्हणणं खोटं वाटलं असतं, तिलाही आणि त्यालाही. म्हणून त्यानं खरोखरच जे माहीत नव्हतं ते विचारलं.

"यातला तुला सगळ्यात कुठला प्रश्न आवडला?"

मुंगी सापळा शोधत होती, आणि तो तिला शोधू देत होता. शेवटी ती म्हणाली, वर्तुळाचा. म्हणजे पेपरातला नाही, पेपरातला सोपा होता, पण तो सोडवताना मला दुसराच एक सुचला.

"कसला?"

तिनं खुर्ची ओढली. आधी तुटक तुटक, मग भरभर सांगायला लागली. टेबलावर बोटानं वर्तुळ काढलं, ते समजेना म्हणून ताटली पालथी घातली, ताटलीला चमचा टेकवला. चमचा म्हणजे रेष, ती फिरवायची, फिरवतच राहायची. त्याला पहिलं वाक्य कळलं, दुसरं अर्धं कळलं, आणि पुढे काहीच कळेना.

"थांब," तो म्हणाला. "चमचा फिरला तर ताटली का नाही फिरत?"

"ते पुढे येतं," मुंगी म्हणाली, आणि सांगत राहिली.